क्यूबन सिगार: लगेच ओढावा की मुरवत ठेवावा?

नव्या क्यूबन सिगारची पेटी घरी आली की ती लगेच ओढायला घ्यावी, की कपाटात ठेवून काही वर्षे मुरू द्यावी, हा प्रश्न या छंदातल्या प्रत्येकाला पडतो. त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: ठेवा, जितका जुना तितका चांगला. अनेक वर्षे पेट्या ठेवून, त्यातला एकेक सिगार ठरावीक अंतराने ओढून आणि प्रत्येकाची टिपणे करून माझे मत असे झाले आहे की, हे उत्तर काही पेट्यांना अचूक लागू पडते आणि बाकीच्यांचे त्याने नुकसान होते.

कारण सोपे आहे. मुरताना सिगारमध्ये बाहेरून नवीन काही येत नाही. जे आहे त्यातलेच काही निघून जाते आणि उरलेले एकमेकांत मिसळते. आंबेमोहोर तांदळाचे उदाहरण घ्यावे. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, पण त्याचा घमघमाट शेजारच्या घरात जातो. तोच तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो आणि वास उतरतो. सिगारचा तिखटपणा, तुरटपणा आणि अमोनियाचा दर्प काळाने कमी होतो, आणि त्याच काळात पानातली सुगंधी द्रव्येही थोडीथोडी उडून जातात. म्हणून पेटी समोर आल्यावर तिच्याजवळ गमावण्याजोगे काय आहे, हे आधी पाहावे. ज्या सिगारजवळ जोर आणि तिखटपणा जास्त आहे, त्याला वर्षे द्यावीत. ज्याची सारी शोभा नाजूक सुगंधात आहे, त्याला फार थांबवू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे ओळखण्यासाठीच आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. सिगारच्या धुराने तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग होऊ शकतो, धूर फुप्फुसात न ओढताही होऊ शकतो, आणि सिगार मुरला म्हणून त्याची हानी कमी होत नाही. हा लेख जे प्रौढ वाचक आधीच सिगार ओढतात आणि विकत घेतलेली वस्तू समजून-उमजून वापरू इच्छितात, त्यांच्यासाठी आहे. जो ओढत नाही त्याने यातून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही.

पान पेटीत येण्याआधी

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो हा पट्टा आहे, आणि सान हुआन ई मार्तीनेस व सान लुइस या गावांभोवतीची शिवारे त्याचा गाभा मानली जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास रोपे लागतात आणि जानेवारीपासून पाने खुडली जातात. पोटात भरायच्या पानाला तिथे त्रिपा म्हणतात आणि रोपावरच्या जागेनुसार त्याचे प्रकार पडतात. खालचे वोलादो हे पान चांगले जळते पण चवीला हलके असते. मधले सेको हे पान सुगंध देते. वरचे लिहेरो हे पान ऊन जास्त खाते, म्हणून जाड, तेलकट आणि जोरकस असते. याहूनही वर, रोपाच्या शेंड्याला, कधीकधी मेदिओ तिएम्पो नावाची दोन पाने येतात. कोहिबा या क्यूबन ब्रँडच्या, २०१० साली आलेल्या बेहिके मालिकेत ती वापरली जातात. त्रिपा बांधणाऱ्या पानाला कापोते आणि वरच्या नितळ आवरणाला कापा म्हणतात. कापाचे पीक सुती कापडाच्या मांडवाखाली, उन्हापासून सांभाळून घेतले जाते.

पाने घरात टांगून वाळवली जातात, मग त्यांचे ढीग रचून ती आंबवली जातात, आणि आंबवताना पानातून अमोनिया बाहेर पडतो. लिहेरो पान कारखान्यात जाण्याआधी किमान दोन वर्षे मुरवले जाते. थोडक्यात, पेटीवरची तारीख ही सिगार वळून पेटीत भरल्याची तारीख असते. आतले पान त्याआधीची काही वर्षे जगलेले असते. ‘२०२१ चे पीक’ म्हणून विकली जाणारी पेटी बहुधा त्याआधीच्या हंगामांतल्या पानांचे मिश्रण असते.

सिन्नर-सोलापूरकडे विड्या वळणाऱ्या बायका टेंभुर्णीचे पान कापण्याआधी ओले करून घेतात, कारण कोरडे पान वळताना फाटते. हवानातल्या तोर्सेदोरच्या, म्हणजे सिगार वळणाऱ्या कारागिराच्या, टेबलावर येणारे पानही असेच ओलसर असते. या ओलाव्यामुळे वळलेल्या सिगारमध्ये आंबण्याची क्रिया मंदपणे पुन्हा सुरू होते. कारखान्यात सिगार काही काळ हवेशीर कपाटांत ठेवून ओलावा कमी केला जातो, पण सगळा अमोनिया त्या मुदतीत जात नाही. नव्या पेटीचे झाकण उघडल्यावर नाकात गोठ्यासारखा उग्र दर्प आला, तर त्याचे मूळ इथे आहे. हा दर्प हा दोष नव्हे, मात्र तो असेपर्यंत त्या पेटीविषयी कोणताच निर्णय घेता येत नाही.

पेटी वाचणे

पेटी उलटी करून बुडाकडे पाहावे. तिथे डागणीने उमटवलेल्या मजकुरात तीन गोष्टी असतात: निर्यात करणाऱ्या कंपनीचे ‘आबानोस एस. ए.’ हे नाव, ‘एचो एन कूबा’ म्हणजे क्यूबात बनवलेले, आणि ‘तोतालमेन्ते आ मानो’ म्हणजे पूर्णपणे हाताने वळलेले. ही कंपनी १९९४ साली स्थापन झाली, त्यामुळे त्याआधीच्या पेट्यांवर तिचे नाव असू शकत नाही. आणि ‘तोतालमेन्ते आ मानो’ हे शब्द १९८९ पासूनच दिसतात. ‘त्रिपा कोर्ता’ असे शब्द जोडलेले असतील, तर आत लांब अखंड पानांऐवजी तुकडे भरलेले आहेत असे समजावे. होसे एल. पिएद्रा या स्वस्त मार्क्याचे सिगार या जातीचे आहेत. हे सिगार मुरवण्याच्या भानगडीत पडू नये. ते आले की महिनाभर विसावू द्यावेत आणि ओढून संपवावेत.

डागणीशेजारी शाईचा शिक्का असतो. त्यात कारखान्याचा तीन अक्षरी संकेत आणि त्याखाली महिना व वर्ष असते. कारखान्यांचे संकेत बदलत राहतात आणि कंपनी ते उघड करत नाही, म्हणून त्यावरून अंदाज बांधण्यात वेळ घालवू नये. महिना मात्र स्पॅनिशमध्ये असतो हे ध्यानात ठेवावे. जानेवारीसाठी ई-एन-ई, एप्रिलसाठी ए-बी-आर, ऑगस्टसाठी ए-जी-ओ आणि डिसेंबरसाठी डी-आय-सी ही अक्षरे येतात. बाकीचे महिने इंग्रजीशी मिळतेजुळते आहेत. १९८५ नंतरच्या आणि नव्वदीच्या दशकातल्या पेट्यांवर आकड्यांऐवजी अक्षरे वापरली जात. ‘निवेलाकूसो’ या शब्दाच्या स्पॅनिश लेखनातली दहा अक्षरे क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ० यांच्यासाठी येत. लिलावात किंवा एखाद्या जुन्या संग्राहकाकडे अशी पेटी दिसली, तर हा संकेत कामी येतो.

खरेपणाची खात्री याच वेळी करून घ्यावी, कारण नकली सिगार दहा वर्षे मुरवण्याइतके दुःख या छंदात दुसरे नाही. २०१० पासूनच्या हिरव्या हमीपट्टीवर होलोग्राम आणि बारकोड असतो, आणि तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पर्यटकांना समुद्रकिनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या काचेच्या झाकणाच्या कोहिबाच्या पेट्या नकली असतात. तशी पेटी त्या मार्क्याने कधी काढलेली नाही.

पेटीचा प्रकारही पाहावा. रंगीत कागदाने मढवलेल्या पेटीत सिगार एकमेकांवर दाबून बसवतात आणि त्यांना किंचित चौकोनी आकार येतो. साध्या लाकडाच्या, सरकत्या झाकणाच्या पेटीत २५ किंवा ५० सिगारांची जुडी रेशमी फितीने बांधलेली असते. लांबच्या मुदतीसाठी मी नेहमी ५० ची जुडी पसंत करतो. सिगार गोल राहतात, जुडीच्या पोटातल्या सिगारांपर्यंत हवा कमी पोहोचते, आणि मुख्य म्हणजे चाखत चाखत पुढे जाण्यासाठी पुरेसे नग हाताशी असतात. ॲल्युमिनियमच्या नळीतले सिगार प्रवासाला सोयीचे असतात. मुरवण्यासाठी मी ते घेत नाही.

मार्का आणि जोर

स्पॅनिशमध्ये ब्रँडला मार्का म्हणतात, आणि हा शब्द मराठी माणसाला वेगळा शिकावा लागत नाही. प्रत्येक मार्क्याचे स्वतःचे मिश्रण असते. बोलिवार, पार्तागास आणि रामोन आयोनेस हे जोरकस मार्के आहेत. त्यांच्यात लिहेरोचा प्रभाव ठळक जाणवतो आणि मिरी, माती, कातडे अशा चवी येतात. मोन्तेक्रिस्तो आणि कोहिबा मध्यम ते जोरकस आहेत. रोमेओ ई हुलिएता, पुंच आणि त्रिनिदाद मध्यम आहेत. एच. उपमान, पोर लारान्यागा आणि के दोर्से हलके ते मध्यम, तर ओयो दे मोंतेर्रे आणि राफाएल गोन्सालेस हलके.

या क्रमावरून पहिला ढोबळ अंदाज बांधता येतो. बोलिवारचा बेलिकोसोस फिनोस पहिल्या दोन वर्षांत बरेचदा अंगावर येतो आणि पाच वर्षांनंतर त्याच जोराला गोलाई येते. पार्तागासचा लुसितानियास हा १९४ मिलिमीटर लांबीचा सिगार तर मुरवण्यासाठीच जन्मल्यासारखा आहे; ताजा असताना त्याचा शेवटचा तिसरा भाग पुष्कळांना पेलत नाही. उलट ओयो दे मोंतेर्रेचा एपिक्यूर नंबर २ दोन-तीन वर्षांचा असताना फुलासारखा असतो आणि दहा वर्षांनी तो शांत होत होत नाहीसा होतो. मी स्वतः ही पेटी जास्त थांबवून पाहिली आहे आणि त्याची मला अजून हळहळ वाटते.

पण हलका मार्का मुरतच नाही, असा नियम करू नये. एच. उपमानचा सर विन्स्टन हलक्या ते मध्यम घराण्यातला असूनही दहा वर्षे सहज चालतो आणि त्याचा गोडवा वाढल्यासारखा भासतो. पोर लारान्यागाच्या पेतित कोरोनाचेही तसेच आहे: तरुणपणी त्यात एक कोरडा कठोरपणा असतो, आणि तो गेल्यावर मागे मधाची आणि खरपूस साखरेची चव उरते. म्हणून मार्क्यावरून अंदाज बांधावा आणि निर्णय चाखल्यावर घ्यावा.

काही पेट्यांचे अर्धे काम कारखान्यानेच केलेले असते. २००० पासून निघणाऱ्या एदिसिओन लिमितादा, म्हणजे मर्यादित आवृत्तीच्या, सिगारांची पाने किमान दोन वर्षे मुरवलेली असतात. सुरुवातीला हा नियम कापापुरता होता, २००७ पासून सगळ्या पानांना लागू झाला. रेसेर्वा नावाच्या खास मालिकेसाठी पाने तीन वर्षे आणि ग्रान रेसेर्वासाठी पाच वर्षे मुरवतात. मात्र पान मुरणे आणि वळलेला सिगार मुरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रेसेर्वाचा सिगारही वळताना ओलावतो, त्यालाही पेटीत विसावा लागतो. महागडी पट्टी पाहून ‘हा तयारच आहे’ असे गृहीत धरल्याने अनेकांची निराशा झालेली मी पाहिली आहे.

किमतीविषयी एक शब्द. २०२२ साली कोहिबा आणि त्रिनिदादच्या किमती जगभर एका उंच पातळीवर आणल्या गेल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओतली पाने वाळवण्याची हजारो घरे पाडली. तेव्हापासून मुरवण्यासाठी कोहिबा घेणे हे माझ्या मते सामान्य खिशाचे काम राहिलेले नाही. त्याच पैशात बोलिवार किंवा रामोन आयोनेसच्या अधिक पेट्या येतात आणि मुरण्याचा लाभ त्यांना जास्त होतो.

आकार आणि आवरण

क्यूबन सिगारची जाडी, म्हणजे व्यास, इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात; त्या आकड्याला इथे घेर म्हटले आहे. ५० घेराचा रोबुस्तो १२४ मिलिमीटर लांब असतो, ४२ घेराचा पेतित कोरोना, ज्याला कारखान्यात मारेवा म्हणतात, तो १२९ मिलिमीटर, आणि हुलिएता नंबर २ नावाचा चर्चिल आकार ४७ घेराचा व १७८ मिलिमीटर लांब. घेर जास्त असला की त्रिपा जास्त बसते, लिहेरोला जागा मिळते आणि बदल सावकाश होतो. बारीक सिगारात कापाचा वाटा तुलनेने मोठा असतो, म्हणून त्याचा सुगंध पुढे राहतो. पार्तागास शॉर्ट्ससारखा ४२ घेराचा आणि ११० मिलिमीटरचा छोटा सिगार दोन-तीन वर्षांत छान लागतो. मात्र कोहिबाचा लान्सेरोस केवळ ३८ घेराचा असूनही फार लांब मुरतो, तेव्हा घेरावरून निर्णय घेऊन मोकळे होता येत नाही.

पेटीतल्या सिगारांचा कापा नीट पाहावा. त्याला तेलाची मंद चकाकी असावी, बोटाखाली किंचित रेशमी लागावे, आणि दाबल्यावर सिगार सगळीकडे सारखा लवचीक वाटावा. कोरडा, निस्तेज, भुकटी झडणारा कापा असलेली पेटी मुरवायला घेऊ नये. तिच्यातले तेल आधीच गेलेले असते. एखाद्या जागी गाठीसारखे कठीण लागले, तर तो सिगार ओढताना धूर अडेल. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अशा तुंबलेल्या क्यूबन सिगारांच्या तक्रारी फार होत्या, आणि त्यानंतर कारखान्यांत ओढ तपासणारी यंत्रे आली. मुरवल्याने तुंबलेला सिगार मोकळा होईल ही आशा धरू नये.

तीन सिगारांची चाचणी

इथे घाई केली की सगळे बिघडते, म्हणून ही पायरी सविस्तर सांगतो.

पेटी आल्यावर ती योग्य आर्द्रतेत किमान चार आठवडे न हलवता ठेवावी. विमानप्रवासात सिगारातला ओलावा कमीजास्त होतो आणि त्या अवस्थेत ओढलेला सिगार पेटीची खोटी ओळख करून देतो. त्यानंतर पहिला सिगार ओढावा, दुसरा साधारण सहा महिन्यांनी आणि तिसरा वर्ष-दीड वर्षाने. तिन्ही शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी, सारख्याच जेवणानंतर आणि फक्त पाण्यासोबत ओढावेत. कॉफी किंवा मद्य सोबत घेतले की चाचणीचा उपयोग उरत नाही. वहीत पेटीचा संकेत, तारीख आणि चार-पाच ओळी लिहाव्यात.

पहिल्या सिगारात नाकाशी अमोनियाचा दर्प असेल, तर काही महिने थांबावे. तो प्रश्न महिन्यांचा आहे, वर्षांचा नाही. जिभेच्या कडा कोरड्या पडल्या, कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखा तुरटपणा आला, पण त्याखाली गोडवा आणि पानाची भरीव चव जाणवत राहिली, तर ही पेटी मुरवण्याजोगी आहे. विझवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे चव तोंडात रेंगाळत असेल, तर खात्री आणखी वाढते. लांब रेंगाळणारी चव ही माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाची खूण आहे, जोरापेक्षाही. नुसता जोर असलेला, पण विझवताच चव पुसली जाणारा सिगार मुरल्यावर मवाळ होतो आणि मागे काही उरत नाही.

पहिलाच सिगार समतोल लागला, तिखटपणा कुठे टोचला नाही, सुगंध भरपूर आला आणि चव लवकर ओसरली, तर ती पेटी येत्या दोन-तीन वर्षांत आनंदाने संपवावी. आणि कागद जळल्यासारखी पोकळ चव आली, तीही दोन-तीन सिगारांत, तर ती पेटी कोणत्याच मुदतीला सुधारणार नाही.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या सिगाराच्या वेळी एक विचित्र गोष्ट घडू शकते. पहिल्या वेळी सुरेख लागलेला सिगार आता बंद झाल्यासारखा, मुका लागतो. अनुभवी ओढणारे याला आजारी अवस्था म्हणतात. वळल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत कधीतरी ती येते, काही पेट्यांना जाणवतही नाही, आणि बहुधा आपोआप सरते. याच काळात कंटाळून लोक पेट्या विकून टाकतात. तुमच्या वहीत पहिल्या सिगाराबद्दल चांगले लिहिलेले असेल, तर त्या टिपणावर विश्वास ठेवून पेटी बंद करावी आणि वर्षभर तिच्याकडे पाहू नये.

चाचणीनंतर मी पेटीवर चिठ्ठी चिकटवतो आणि तिच्यावर पुढच्या सिगाराचे साल लिहितो. हलक्या, सुगंधी पेटीला वळल्यापासून दोन ते चार वर्षे, पार्तागास सेरी दे नंबर ४ किंवा मोन्तेक्रिस्तो नंबर २ सारख्यांना चार ते आठ, बोलिवार आणि रामोन आयोनेसच्या जोरकस पेट्यांना सहा ते बारा, आणि लुसितानियाससारख्या लांब-जाड सिगारांच्या जुड्यांना दहापासून पुढे, असा माझा हिशेब असतो. मुदत जितकी लांब, तितके मधले सिगार विरळ, पण पूर्ण मुदत न चाखता एकही पेटी ठेवू नये. ज्याला परवडते त्याने आवडत्या सिगाराच्या दोन पेट्या घ्याव्यात, एक ओढायला आणि एक ठेवायला. यामुळे ठेवलेल्या पेटीवर हात पडत नाही.

आपल्या हवेतली साठवण

युरोपात लिहिलेले सल्ले महाराष्ट्रात जसेच्या तसे चालत नाहीत. मुरवण्यासाठी तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६२ ते ६६ टक्के असावी, असे मी धरून चालतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते आणि खोलीचे तापमान २८ अंशांखाली क्वचितच उतरते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर आणि हवा ठणठणीत कोरडी. पुण्याची हवा मधली असली, तरी तिचाही भरवसा नाही.

उष्णतेतला मोठा धोका सिगारचा भुंगा हा आहे. लासिओदेर्मा सेरिकोर्ने हे त्याचे शास्त्रीय नाव, आणि धान्य-मसाल्यातही तो सापडतो. पानात राहिलेली त्याची अंडी उबदार हवेत फुटतात आणि अळ्या सिगारमधून सुईच्या भोकांसारखी छिद्रे पाडत जातात. एका जून महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत माझी संपूर्ण पेटी अशी गेली. क्यूबातून पाठवण्यापूर्वी सिगार गोठवले जातात, तरी मी प्रत्येक पेटी घरी पुन्हा गोठवतो. हवाबंद पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, एक दिवस फ्रिजच्या साध्या कप्प्यात, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस, पुन्हा एक दिवस साध्या कप्प्यात, आणि नंतर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. साध्या कप्प्यातला टप्पा गाळला की कापा तडकतो.

सागवानी किंवा सीडरचा देखणा डबा टेबलावर शोभतो, पण लांबच्या मुदतीसाठी मुंबईत तो पुरत नाही, कारण त्याला बाहेरची उष्णता अडवता येत नाही. दोन-चार पेट्या असतील तर रबरी कडांचा हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि आत ६२ किंवा ६५ टक्क्यांची, ओलावा घेणारी आणि सोडणारी अशी दुहेरी आर्द्रता-पाकिटे एवढे पुरे. डबा मात्र घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा. अधिक पेट्या असतील तर वाइन ठेवायचा छोटा थंड कपाटवजा फ्रिज १७ अंशांवर लावावा आणि पेट्या हवाबंद पिशव्यांत घालून त्यात ठेवाव्यात. थंड यंत्र हवा कोरडी करते, म्हणून पिशवी आणि पाकीट दोन्ही लागतात. नेहमीच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये सिगार ठेवू नयेत. लसणाचा आणि माशाचा वास पानात शिरला की निघत नाही.

आर्द्रतामापक विकत आणल्यावर तपासून घ्यावा. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन त्यावर ओला लगदा होईल इतकेच पाणी घालावे, टोपण आणि मापक एका पिशवीत बंद करून आठ तास ठेवावे. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवे, जितका फरक पडेल तितकी वजाबाकी किंवा बेरीज लक्षात ठेवावी. पेटीत पांढरी लव दिसली तर तिला बुरशी समजावे. ती ‘मुरल्याची खूण’ आहे, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकून पेटी तशीच ठेवू नये. कापावरची थोडी बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झाडता येते, पण सिगारच्या पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकाला आत शिरलेली बुरशी दिसली, तर तो सिगार टाकून द्यावा.

परदेशातून आणताना कायदा पाहून घ्यावा. भारतात येणाऱ्या प्रवाशाला २०१६ च्या सामान नियमांनी २५ सिगारांपर्यंत मुभा दिलेली होती, मात्र प्रवासापूर्वी त्या वेळचा नियम तपासावा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, सप्टेंबर २०२० पासून स्वतःसाठीसुद्धा क्यूबन सिगार देशात आणायला पुन्हा मनाई आहे.

मुरलेली पेटी उघडताना

ठरलेले साल आले की पेटी मुरवायच्या जागेतून काढून एक-दोन आठवडे साध्या हवाबंद डब्यात, ६० ते ६२ टक्क्यांच्या पाकिटासोबत, ठेवावी. जुना सिगार थोडा कोरडा असताना अधिक बोलतो. ओलसर असला की सावकाश, थंड जळतो आणि उरलासुरला सुगंध दबून जातो. टोपी, म्हणजे ओढायच्या टोकावरचे पान, पातळ कापावी, कारण जुना कापा ठिसूळ झालेला असतो आणि खोल काप दिला की तो उलगडत जातो. पेटवताना ज्योत थेट टेकवू नये, अंतरावरून उब देत कड लाल करावी. पहिले काही झुरके नवीन सिगारच्या तुलनेत फिके वाटतील. तिखटपणाची सवय झालेल्या जिभेला चव सापडायला वेळ लागतो. तेव्हा मिनिटाला एकाहून अधिक झुरका घेऊ नये. जोराने ओढलेला जुना सिगार तापतो, आणि इतकी वर्षे राखलेला गोडवा पहिल्या दहा मिनिटांत कडू होतो.

पहिला सिगार ओढून झाला की त्याच वहीत, आधीच्या तीन नोंदींखाली, चौथी नोंद लिहावी. रेंगाळणारी चव आधीइतकीच लांब असेल, तर पेटी पुन्हा बंद करून दोन वर्षांनी उघडता येते. ती आखूड झाली असेल, तर उरलेले सिगार येत्या वर्षभरात ओढावेत, आणि ज्यांच्यासोबत ओढायचे मनात होते त्यांना बोलावून घ्यावे.